चौऱ्याऐंशी पाय

"सूत्र पाठ काय, पोपटालाबी येतंय. कुठलं लावायचं ते सांग."

हे म्हणताना बाईंचा उजवा तळहात उभा व्हायचा आणि समोर जी वस्तू असेल तिच्यावर हवेतल्या हवेत दोन-तीनदा खाली यायचा, साबणाची वडी कापावी तसा. स्टाफरूममधला चहाचा थर्मास आला, की बाई आधी त्याचे तुकडे पाडायच्या. "हे बघ, हितपर्यंत वृत्तचिती. हितनं वर निमुळतं झालंय, म्हणजे शंकूछेद. टोपण वायलं." एवढं झाल्यावरच चहा कपात पडायचा. तोवर तो निम्मा निवलेला असायचा.

शिवाजी पेठेतल्या मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायला लागले तेव्हा बाईंची निवृत्तीला तीन-साडेतीन वर्षं उरली होती. मी मूळची नाशिकची. लग्न होऊन कोल्हापुरात आलेली, त्यामुळे पहिले काही महिने मला इथल्या बोलण्यातला राग आणि प्रेम वेगळं काढता यायचं नाही. त्यातून बाईंचा आवाज असा, की त्या तळमजल्यावर शिकवायला लागल्या की वरच्या वर्गातल्या मुली उत्तरं द्यायच्या. इथल्या पुष्कळ बायकांसारखं बाईही स्वतःबद्दल 'मी येतो', 'मी जातो' असं बोलायच्या. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "नाशिकची हायस व्हय? बरं. महत्त्वमापन मी शिकवतो. त्या धड्याला हात लावू नकोस."

महत्त्वमापन म्हणजे दहावीच्या भूमितीतला शेवटचा धडा. घनफळं आणि पृष्ठफळं. शंकू, गोल, वृत्तचिती यांची सूत्रं मुली घोकून येतात. पण आईस्क्रीमचा कोन दाखवला आणि म्हटलं, यात आईस्क्रीम किती, की गडबडतात. खाली शंकू, वर अर्धगोल, म्हणजे दोन सूत्रं लावायची हे त्यांना सुचत नाही. जोडून बनलेल्या वस्तूंचा हा जो भाग आहे, तो बाईंचा प्राण होता.

एकदा त्या पन्नास मुलींना घेऊन शाळेमागच्या पाण्याच्या टाकीखाली उभ्या राहिल्या. उंच, गोल टाकी, वर घुमट. "सांगा, पाणी किती मावंल? सूत्र कुठलं?"

एक हुशार मुलगी म्हणाली, "वृत्तचिती अधिक अर्धगोल."

टाकीचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस कुतूहलानं बघत उभा होता. बाईंनी त्यालाच हाक मारली. "ओ पावणं, पाणी घुमटात चढतंय का?"

"घुमटात?" तो दचकला. "घुमटात चढलं तर माझी नोकरी जाईल की, बाई!"

"ऐकलंसा?" बाई मुलींकडे वळल्या. "पाणी कुठवर येतंय ते आधी बघायचं. वरचं नुसतं झाकण हाय. झाकणात पाणी भरून मला उत्तर द्यायचं न्हाय."

दुसऱ्यांदा मी त्यांच्याबरोबर भांड्यांच्या दुकानात गेले होते. त्यांना तांब्या घ्यायचा होता. दुकानदारानं दोन ठेवले, दोन्ही एका लिटरचे म्हणून. बाईंनी एक उपडा केला आणि बुडावर बोट ठेवलं. "ह्याचं बूड आत दाबलंय. जेवढं आत गेलंय तेवढं पाणी कमी. लिटरचा कसा म्हणतोस?" दुकानदारानं हात जोडले. "बाई, दुकान तुम्हीच चालवा. मी येतो शाळंत."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्या कामात इतकी पक्की, की त्यांचं चुकू शकतं हे आपल्यालाही सुचत नाही आणि त्यांनाही. फळ्यावर कधी बेरीज चुकली, तर बाई मागे वळून म्हणायच्या, "बघितलं! लक्ष हाय का तुमचं, बघत हुतो." 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी दीड वर्षात ऐकले नव्हते. मुख्याध्यापकांनीही ऐकले नव्हते, आणि ते बाईंबरोबर वीस वर्षं होते.

माझ्या दुसऱ्या वर्षी सराव परीक्षेचे पेपर तपासायला बाईंनी मला मदतीला घेतलं. प्रश्नपत्रिका त्यांची, नमुना उत्तरं त्यांच्याच अक्षरात. त्यातला एक प्रश्न त्या वर्षाआड काढायच्या. लाकडाचा एक तुकडा. मधे वृत्तचिती, एका टोकाला शंकू, दुसऱ्या टोकाला अर्धगोल. त्रिज्या तीन, उंची दहा, शंकूची उंची चार. पायची किंमत न घालता उत्तर द्यायचं. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे', असं शेवटी.

बाईंचं उत्तर होतं एकशे वीस पाय. वृत्तचितीचे नव्वद, शंकूचे बारा, अर्धगोलाचे अठरा. बेरीज बरोबर होती.

पण मी आकृती पाहिली. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन ती फिकट झाली होती, तरी दिसत होतं. अर्धगोल बाहेर आलेला नव्हता. तुटक रेषेनं तो आत, लाकडात शिरला होता. म्हणजे तेवढं लाकूड कोरून काढलेलं. अठरा मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते. उत्तर चौऱ्याऐंशी पाय.

मी तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो, तेव्हा कागद पुढे सरकवला आणि म्हटलं, "बाई, ही आकृती जरा बघता का? मला वाटतं, अर्धगोल आत आहे."

"आत?" त्यांनी कागद ओढून घेतला. चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. हात उचलला, कापायला निघाला आणि मधेच थांबला. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि घंटा व्हायच्या आधीच वर्गाकडे चालू लागल्या.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं, दुखावल्या. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला फाटकाशी थांबवलं आणि रस्त्यावर उभ्या उभ्याच सांगितलं.

"सात-आठ वर्षं झाली. रूपाली नावाची पोरगी हुती. तिसऱ्या बाकावर. हेच गणित मी फळ्यावर घेतलं हुतं. ती उठून म्हणाली, बाई, ते आत गेलंय, वजा करायचं. मी म्हटलं, ये, तूच शिकीव. ती आली की फळ्यावर! चौऱ्याऐंशी लिहिलं. सगळा वर्ग बघत हुता." बाईंनी मागे शाळेकडे बघितलं. "मी तिला तिच्याच हातानं ते खोडायला लावलं. डस्टर दिलं हातात. खोड म्हटलं, आणि एकशे वीस लिही. पोरी हसल्या. मीबी हसलो."

"मग?"

"मग काय. परत तिनं कधी हात वर केला न्हाय. दिवाळीनंतर शाळंत यायची बंद झाली. दहावीला बसलीच न्हाय. मी म्हटलं, दिलं असंल लगीन करून." त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "जे वजा करायचं ते मिळवलं, की चूक दुप्पट होतीया. छत्तीसचा फरक हाय, बघितलास का?"

मी म्हणाले, "बाई, तुमच्यामुळेच सोडली असेल असं काही नाही."

"न्हाय कशावरनं?" त्या म्हणाल्या. "इचारलं का कुणी?"

तर विचारायचं ठरलं. जुन्या पटावरून रूपालीचा पत्ता मिळाला, पेठेतलाच. तिथल्या शेजारणीनं सांगितलं, की वडील अचानक गेले आणि आई पोरीला घेऊन माहेरी गेली, शाहूवाडीकडं. पोरीला पुढं मलकापुरात दिली. सासरची पिठाची गिरणी आहे म्हणे, स्टँडपासून जवळच.

मधल्या आठवड्यात बाईंनी आणखी एक काम केलं. लाकूड कातणाऱ्या एका कारागिराकडून प्रश्नातला तुकडा बनवून घेतला. त्रिज्या तीन सेंटिमीटर, उंची दहा, एका टोकाला शंकू, दुसऱ्या टोकाला अर्धगोल खळगा. खळगा नीट झाला नाही म्हणून एकदा परतही पाठवला. पुढच्या रविवारी तो टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून, त्या मला घेऊन मलकापूरच्या एसटीत बसल्या. दीड तास त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, काय बोलायचं ते जुळवत असाव्यात. आंबा घाटाकडचे डोंगर दिसायला लागले तेव्हा एकदम म्हणाल्या, "तिनं वळखलं न्हाय तर बरं हुईल."

गिरणी सापडली. आत पट्ट्याचा खडखडाट, बाहेर चार-पाच डबे रांगेत आणि डब्यांच्या मालकिणी. गिरणीपाशी एक तेवीस-चोवीस वर्षांची बाई उभी होती. भुवयांपासून कोपरांपर्यंत पिठानं पांढरी. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पुन्हा पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"बाई? तुम्ही? हितं कशा?" हे मला तिच्या ओठांवरून कळलं. ऐकू काहीच येत नव्हतं.

बाई जवळ गेल्या आणि काहीतरी बोलल्या. रूपालीनं कानाशी हात नेला. बाई आणखी मोठ्यानं बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कमी पडत होता. तेवढ्यात आतून एक म्हातारी आली, रूपालीची सासू. "कोन पावणं आल्यात?" म्हणत तिनं भिंतीवरचं बटण खाली पाडलं. पट्टा थांबला, आणि त्या शांततेत बाईंची आरोळी एकटीच उरली.

"माझं चुकलं हुतं!"

रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. एकीनं डबा खाली ठेवला.

रूपाली गोंधळली. "काय चुकलं, बाई?"

"ते गणित. लाकडाच्या तुकड्याचं. तुझं बरोबर हुतं. अर्धगोल आतच हाय. मी तुला खोडायला लावलं." बाई एका दमात बोलल्या. मग त्यांनी हात खाली सोडले आणि उभ्या राहिल्या, शाळेत मुलीला उभं करावं तशा.

रूपाली पदरानं तोंडावरचं पीठ पुसायला गेली, ते आणखी पसरलं. "खोडलेलं आठवतंय," ती म्हणाली. "आकडा न्हाय आठवत."

"चौऱ्याऐंशी पाय."

"चौऱ्याऐंशी पाय?" सासूनं विचारलं. "कुठल्या जनावराला?"

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या, रूपालीही हसली, आणि मग आम्हाला आत बसायला पोती मिळाली.

चहा झाला. बाईंनी तांब्या-कपाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ विचारलं, "शाळा माझ्यामुळं सोडलीस का?"

"न्हाय बाई. वडील गेले. आईला भाडं परवडंना. मामा न्यायला आला." रूपालीनं कप खाली ठेवला. ती पुढं बोलेल असं वाटलं नव्हतं, पण बोलली. बाईंसारखंच सरळ. "शाळा सुटली ती तुमच्यामुळं न्हाय. पण आता शाळंत जायचं न्हाय म्हटल्यावर मला रडाय आलं न्हाय. बरं वाटलं. ते तुमच्यामुळं."

मी बाईंकडे पाहायचं टाळलं. बाहेरून कुणीतरी "गिरण चालू करताय न्हवं?" म्हणून ओरडलं.

बाईंनी पिशवीतून टॉवेल काढला, सोडला आणि तुकडा रूपालीच्या हातात दिला. तिनं तो फिरवला. शंकूच्या टोकावरून बोट फिरवलं, मग उलटा करून खळग्यात अंगठा घातला. अंगठा तिथंच ठेवून तिनं छताकडे बघितलं. "नव्वद अधिक बारा," ती हळूच म्हणाली, "वजा अठरा."

"सूत्रं आठवत्यात?" बाई ओरडल्याच.

"सूत्रं पाठ हुती की. तुम्हीच करून घेतल्यात."

सासूनं तुकडा तिच्या हातातून घेऊन उलटापालटा केला. "हे कशाला हाय? मुसळ म्हणावं तर आखूड हाय."

बाईंनी तिच्याकडे मोर्चा वळवला. "आक्का, हिला दहावीला बसवायचं. सतरा नंबरचा फॉर्म असतो, शाळंत न जाता परीक्षा देता येती. मी शिकवतो. दर रविवारी येतो."

"आणि गिरण?"

"गिरण चालू ठेवा. मी शिकवतो त्या आवाजात."

"मघाशी ऐकू कुठं गेलं तुमचं?" म्हातारी म्हणाली. पण ती हसत होती. रूपालीचा नवरा टेम्पो घेऊन रत्नागिरीला गेला होता. त्याला फोन लावला गेला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, "तिला पायजे असंल तर बसू दे की." सगळे रूपालीकडे बघायला लागले. तिनं उठून बटण दाबलं, पट्टा सुरू झाला, आणि पुढचा डबा ओढला. मला वाटलं, संपलं. आम्ही निघालो तेव्हा ती गिरणीच्या दारापर्यंत आली आणि बाईंच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. एसटीत बसल्यावर बाईंनी सांगितलं. "इंग्रजीचं काय करायचं, म्हणाली."

त्यानंतर वर्षभर बाईंचा रविवार मलकापूरला गेला. पावसाळ्यात घाटाकडची वाट खराब व्हायची, तरी जायच्या. कधी कधी मीही जायचे. धान्याच्या पोत्यांमध्ये एका डब्यावर वही, आणि दर दहा मिनिटांनी दळण. बाई पहिल्यासारख्याच ओरडायच्या, पण एक नवीन सवय लागली होती. रूपालीनं उत्तर सांगितलं, की चूक म्हणायच्या आधी त्या विचारायच्या, "कसं काढलंस?" पुढे वर्गातही विचारायला लागल्या. मुली आधी घाबरल्या. त्यांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही.

सासूला या शिकवणीत भलतीच गोडी लागली. एकदा बाई तिला गिरणीचं दाणे ओतायचं, खाली निमुळतं होणारं चौकोनी पाळं दाखवून म्हणाल्या, "ह्यात दाणं किती मावत्यात, गणितानं काढता येतंय."

"चार पायली," म्हातारी म्हणाली.

बाईंनी पट्टी मागवली. वरची बाजू, खालची बाजू, उंची. हे सूत्र दहावीला नसतं, तरी मांडलं. रूपालीनं गुणाकार केले. अर्ध्या तासानं बाई जाहीर करत्या झाल्या, "चार पायलीला कमी भरतंय, आक्का."

"कडंपातूर मोजलं असशीला," म्हातारी शांतपणे म्हणाली. "वरची शीग कुणी धरायची?"

बाई तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. काठोकाठ भरल्यावर वर जो निमुळता ढीग राहतो, ती शीग. "शीग म्हणजे शंकू!" त्या ओरडल्या, आणि उठून म्हातारीचा हात हातात घेतला. "बरोबर हाय, आक्का. माझं चुकलं." हे दोन शब्द आता त्यांना चांगलेच जमायला लागले होते.

मार्चमध्ये रूपालीनं परीक्षा दिली. भूमितीचा पेपर झाल्या झाल्या बाईंनी फोन केला. मी शेजारीच होते. जोडलेल्या आकारांवर एक प्रश्न होता, चार गुणांचा. रूपालीनं तो सोडला होता. वेळ पुरला नाही.

"त्योच सोडलास?" बाईंचा आवाज कॉरिडॉरभर गेला. "आगं, त्योच? वर्षभर मी एसटीनं येतोय ते कशासाठी?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. रूपाली म्हणाली होती, "तो मला येतोय हे म्हाईत हुतं. येत न्हाय ते आधी लिहिलं."

रूपाली पास झाली. गणितात एकोणसत्तर. इंग्रजीत काठावर पस्तीस. पेढे घेऊन सासू-सुना दोघी शाळेत आल्या. मुख्याध्यापकांनी विचारलं, आता पुढं काय? रूपालीच्या आधी सासूच म्हणाली, "बारावी. पण हिचं इंग्रजी लई कच्चं हाय. बाईंनी बघायला पायजे."

"मी?" बाई म्हणाल्या. "मी गणिताची."

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात भाषणं झाली. त्यांनी आपलं भाषण तीन मिनिटांत संपवलं आणि जाताना मला महत्त्वमापनाच्या धड्याच्या सगळ्या वह्या दिल्या. "आता लाव हात," म्हणाल्या. त्या कुरुंदवाडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. बहीण एकटी होती, बाईंचंही दुसरं कुणी नव्हतं. तिथून मलकापूर लांब पडतं; शिकवणी व्हिडिओ कॉलवर सुरू झाली. रूपाली फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे बाईंना कायम निम्मी रूपाली आणि निम्मं छत दिसायचं. मला हे रूपालीकडूनच कळायचं. बाई स्वतः फोनवर तब्येतीबद्दल विचारलं की म्हणायच्या, "बरी हाय की. तुझ्या वर्गाचा निकाल किती लागला ते सांग."

तब्येत बरी नव्हती. हृदयाचं काहीतरी होतं, आणि ते त्यांनी बहिणीपासूनही लपवलं होतं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी जेवण करून त्या पडल्या, त्या उठल्या नाहीत. मला कळलं तोवर सगळं उरकलं होतं.

मी दोन दिवसांनी कुरुंदवाडला गेले. बहिणीनं चहा ठेवला. थोडा वेळ बाईंच्या ओरडण्याच्या गोष्टी झाल्या. मग ती आतून एक दोनशे पानी वही घेऊन आली. "ही कुणाला द्यायची ते कळंना. रोज दुपारी ही घेऊन बसायची. मला वाटायचं, गणितं सोडवती."

मी उघडली. इंग्रजी होतं. पहिल्या पानावर अगदी सोपी वाक्यं, काळ बदला, अनेकवचन करा. पाचवी-सहावीच्या पुस्तकातले स्वाध्याय असावेत. बाईंचं ते ठसठशीत, फळ्यावरचं अक्षर, पण इंग्रजीत जरा बिचकलेलं. प्रत्येक स्वाध्याय निळ्या शाईत सोडवलेला आणि खाली उत्तरं बघून लाल शाईत तपासलेला. चुकीखाली रेघ, कडेला बरोबर शब्द, आणि शेवटी गुण. दहापैकी चार. खाली लिहिलेलं, 'पुन्हा'. पुढच्या पानावर तोच स्वाध्याय पुन्हा. दहापैकी सहा. 'पुन्हा'. मग दहापैकी नऊ, आणि कडेला, 'हे रूपालीला घ्यायला हरकत नाही.'

पानामागून पान असंच होतं. सगळी वही लाल रेघांनी भरलेली. एकोणसाठाव्या वर्षी बाई स्वतःचीच विद्यार्थिनी झाल्या होत्या आणि एकही अर्धा गुण स्वतःला फुकट देत नव्हत्या.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर पाच वाक्यं होती. ती सोडवलेली होती, तपासायची राहिली होती.

मी बाईंच्या बहिणीकडे लाल पेन मागितला. तिनं कपाटातून आणून दिला. मी पाचही वाक्यं दोनदा वाचली. तिसऱ्यात क्रियापद चुकलं होतं. त्याखाली रेघ ओढली, कडेला बरोबर रूप लिहिलं, आणि खाली गुण दिले.

पाचपैकी चार.